नऊ आकडी यादी

माऊसवर माझा विश्वास नाही. आमच्या दवाखान्यात सगळे माऊस धरून बसतात. इथं टिचकी, तिथं टिचकी, आणि मग गोल फिरणाऱ्या चकतीकडे पाहत चहा पितात. मी काळ्या पडद्यावरचा माणूस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ, बस. त्या रेघेपुढे मी टाइप करतो की अमुक टेबलातून अमुक कॉलम काढ, जिथं गाव अमुक आहे, जिथं वय इतक्याच्या वर आहे, आणि एंटर मारतो. पापणी लवायच्या आत ओळी खाली उतरतात. चूक केली तर तो पडदा तोंडावर सांगतो, मागून बोलत नाही. माणसांत हा गुण मला फार कमी दिसला.

असं मी पूर्वी फुशारकीनं सांगायचो. आता फुशारकी उरली नाही. त्याच पडद्यावर माझ्या सख्ख्या बहिणीची ओळ आली होती. या बाईला ताबडतोब परत बोलवा, असं त्या ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेलो. ताई आता नाही. हे कसं झालं ते क्रमानं सांगतो, नाहीतर मला सांगताच येणार नाही.

मी यवतमाळात एका ट्रस्टच्या दवाखान्यात कंप्युटरवर आहे. कंत्राटी. बारा वर्षांपासून ट्रस्टच्या मुख्य कचेरीतून परमनंटची ऑर्डर येणार आहे. आमच्या घरी तिचं नाव घ्यायचं नाही, असा आईचा नियम होता. नाव घेतलं की काम बिघडतं म्हणे. म्हणून घरात, नात्यात, सगळे एकच विचारायचे, "तिकडून काही आलं काय?" आणि मी म्हणायचो, नाही. हा प्रश्न इतका ठरलेला होता की आई मला जेवायला वाढतानाही विचारायची आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पोळी टाकायची.

दवाखान्यानं विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा ठरलेले रिपोर्ट होते. त्याच्या बाहेरचं काही मागितलं की कंपनीचा माणूस म्हणायचा, होईल, पण वेळ लागेल. मी कंटाळून त्या सॉफ्टवेअरच्या मागच्या दारानं आत गेलो, म्हणजे थेट डेटाबेसशी बोलायला शिकलो. कोणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकलो. सुरुवातीला मी काही विचारलं की पडदा म्हणायचा, नो रोज सिलेक्टेड. म्हणजे एकही ओळ सापडली नाही. आमचा शिपाई एकदा मागं उभा राहून वाचत होता. म्हणाला, "नो रोज? रोज नाही तं मंग कवा सिलेक्ट होते?" आठवडाभर आम्ही ते वाक्य घोळवलं. चहा आला का विचारलं की तो म्हणायचा, नो रोज सिलेक्टेड.

दवाखान्याची गावोगावी बायकांसाठी शिबिरं होत. छातीतल्या गाठीच्या तपासणीची. नर्सबाई फॉर्म भरायच्या, तपासायच्या, आणि शंका असली तर डॉक्टर सुईनं थोडा नमुना घ्यायचे. नमुन्याचा निकाल आला की तो त्या बाईच्या ओळीत भरला जायचा. निकाल वाईट असला तर शेवटच्या कॉलममध्ये शेरा, पुन्हा बोलवा. मग आमच्या फोनवाल्या बाई एकेकीला फोन लावायच्या. शिबिरात प्रत्येकीला सांगितलेलं असायचं की काही असलं तर फोन येईल. नाही आला तर समजा, सगळं ठीक आहे.

आता गंमत पाहा. फोन नंबर घाईत लिहिलेला. बाईला स्वतःचा नंबर पाठ नसतो, ती शेजारणीला विचारते, शेजारीण भरभर सांगते, नर्सबाई लिहितात, आमच्याकडचा माणूस ते अक्षर लावून टाइप करतो. एवढ्या वाटेत एखादा आकडा गळतोच. आणि नऊ आकड्यांच्या नंबरावर फोन लागत नाही. फोनवाल्या बाई 'लागत नाही' असं लिहून पुढे जायच्या. त्यात त्यांची काय चूक?

ते मी पकडलं. एक साधी क्वेरी, म्हणजे पडद्याला विचारायचा प्रश्न, लिहिली: ज्यांचा शेरा 'पुन्हा बोलवा' आहे, आणि ज्यांच्या नंबराची लांबी दहा नाही, त्यांच्या ओळी दे. एंटर मारला आणि पानभर बायका उतरल्या. त्यांना कोणी काही कळवलेलं नव्हतं. त्या सगळ्या घरी बसून समजत होत्या की सगळं ठीक आहे. मोठ्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तुम्हीच करू जाणे." तेव्हापासून दर सोमवारी मी ती यादी काढायचो आणि ती गावोगावी घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना पाठवली जायची. दवाखान्यात तिला नऊ आकडी यादी म्हणायचे. मला त्या नावाचा अभिमान होता. पोराचं बारसं आपण करावं तसा.

यादी एका पानाच्या रुंदीत बसली पाहिजे, हा माझा हट्ट. काळ्या पडद्यावर कोणत्या कॉलमला किती जागा द्यायची ते आपण ठरवतो. ओळ मोडून खाली आली की मला चीड येते, वाचणारा गोंधळतो. म्हणून गाव, वय, नंबर, शेरा यांना पुरेशी जागा दिली आणि नावाला बारा अक्षरं. नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत होती. बारा अक्षरांत बाईचं नाव पूर्ण यायचं, नवऱ्याच्या नावाची दोन-तीन अक्षरं यायची आणि तिथं नाव तुटायचं. आडनाव तर दिसायचंच नाही. पण कागद कसा दिसायचा म्हणून सांगू, सरळ, एका ओळीत एक बाई.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आईला शेतात जावं लागे, म्हणून मला हिनंच वाढवलं. तिचं माहेरचं नाव एका फुलाचं. तिच्या लग्नात मी बारावीत होतो. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरदेव त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो आणि मग ते सगळ्यांना दाखवतात. भाऊजींनी नदीचं नाव लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका राग आला की मी पंगतीला बसलो नाही. आमच्या ताईचं चांगलं फुलासारखं नाव पुसून हे कोण नदी ठेवणारे? आईनं समजावलं, "अरे, रीत आहे बावा. माह्यंही बदललं होतं." मी विचारलं, "तुह्यं आधीचं कोणतं?" तिला एक घटका आठवावं लागलं.

मी ठरवून टाकलं की या घरात ते नदीचं नाव कोणी घ्यायचं नाही. आणि खरंच कोणी घेतलं नाही. मी तर तिला कोणत्याच नावानं हाक मारत नव्हतो, माझी ती ताई. फोनमध्येही ताई म्हणूनच. त्यामुळे तिचा नंबरही मला पाठ नव्हता, आजकाल कोणाला कोणाचा पाठ असतो. एवढं सगळं प्रेम होतं, आणि तिला ओळखायला कामी आलं नाही.

ती राजूरला दिलेली. भाऊजी कोळशाच्या वजनकाट्यावर. घरासमोरून दिवसभर ट्रक जायचे आणि ती दिवसातून तीनदा ओटा पुसायची. मी गेलो की म्हणायची, "पाय झटकून ये, तुह्या यवतमाळची धूळ आणू नोको, आमच्या इथं घरचीच पुरते."

त्या वर्षी श्रावणात आमचं शिबिर राजूरला झालं. मी जात नसतो, माझं काम इथं. उलट शिबिराच्या नोंदी भरून घ्यायच्या होत्या म्हणून राखीलाही मी गेलो नाही. ताईनं राखी पोस्टानं पाठवली. ती त्या शिबिरात जाऊन आली, हे मला माहीत नव्हतं. छातीतल्या गाठीचं बहीण भावाला सांगत नाही. तिनं नर्सबाईंनाही सांगितलं नाही की माझा भाऊ तुमच्याच दवाखान्यात आहे.

काही आठवड्यांनी एका सोमवारी यादी काढली. छापण्याआधी मी एकदा पडद्यावर वाचून पाहायचो. मधेच राजूर आलं. मी थांबलो, मला पक्कं आठवतं. राजूर, ताईचं गाव, म्हणून बोट त्या ओळीवर ठेवलं. नाव नदीचं. पुढे तीन अक्षरं आणि तूट. वय ताईएवढंच. मनात आलं, बिचारी, ताईच्याच गावची आहे, दिवाळीला जाऊ तेव्हा विचारू ताईला, ओळखते का. आणि बोट खाली सरकवलं. त्या नावाच्या बायका त्याच पानावर आणखी तीन होत्या. नदीचं नाव आपल्याकडे काय कमी आहे.

त्याच आठवड्यात राजूरच्या आशाताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सर, या नावाच्या सहा बाया आहे आमच्या वॉर्डात. पूर्ण नाव द्या ना." मी दुसऱ्या कामात गुंतलो होतो. नावाला बाराच अक्षरं ठेवल्याबद्दल कोणी मला बोलेल हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, तेही खरं. मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी पाठवतो." त्या बिचाऱ्या बरं म्हणाल्या. पुढच्या सोमवारी तोच कागद गेला, तीच बारा अक्षरं. मी विसरलो होतो. नाव रुंद करायला एक आकडा बदलावा लागतो फक्त, बाराचा चाळीस.

मग भाऊबीज. सकाळची एसटी धरून करंजी, मारेगाव करत वणीला उतरलो, तिथून ऑटोनं राजूर. ताई दारात उभी होती, पण नेहमीसारखी बोलली नाही. नजरेला नजर देत नव्हती. मला वाटलं, राखीला आलो नाही म्हणून फुगली आहे. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. जेवायला पाटवडीचा रस्सा केला होता, माझ्यासाठी जहाल. भाऊजी अंघोळीला गेलेले. ती वाढायला वाकली आणि ताटाकडेच पाहत हळू विचारलं, "तिकडून काही आलं काय रे?"

मला हसू आलं. म्हटलं, ही पण आईच्याच वळणावर. मी म्हणालो, "काही नाही आलं, ताई. आलं असतं तं पहिले तुलेच सांगतलं असतं."

"नक्की?"

"आता कायले शपथ घेऊ काय?"

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाईट वाटलं. माझ्या नोकरीची हिला माझ्याहून काळजी, असं वाटलं. त्यानंतर ती एकदम पूर्वीसारखी झाली. मला आग्रह करकरून वाढलं, माझ्या टकलावरून चिडवलं, शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माह्या भावाले पाहाले ये, कंप्युटरवाला." निघताना पिशवीत चकल्या कोंबल्या. यादीतल्या त्या बाईबद्दल तिला विचारायचं मी विसरलो.

होळी झाली आणि भाऊजींचा फोन आला. "तुह्या ताईले घेऊन येऊन राह्यलो यवतमाळले. गाठ हाय म्हणते. आता सांगतलं तिनं, हात वर होईना तवा."

मी दवाखान्याच्या फाटकापाशीच उभा होतो. ताईनं साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. मी तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, नोंदणीच्या रांगेत उभं राहू नको, मी करतो. तिनं पर्समधून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून दिली. "हे घे. शिबिराची हाय. नंबर हाय यावर, कामी पडंल." आमच्याच दवाखान्याची चिठ्ठी. मला तेव्हाही काही कळलं नाही. मी ती घेऊन माझ्या खोलीत गेलो, काळा पडदा उघडला आणि लिहिलं, या नोंदणी क्रमांकाची सगळी माहिती दे. यावेळी यादी नव्हती, पान नव्हतं, नावाला मर्यादा घातलेली नव्हती.

एक ओळ आली. नदीचं नाव, मग भाऊजींचं पूर्ण नाव, मग आडनाव. गाव राजूर. निकाल. शेरा, पुन्हा बोलवा. मी खिशातून फोन काढला, त्यातला ताईचा नंबर उघडला आणि पडद्यावरच्या नंबराशी बोटानं एकेक आकडा जुळवत गेलो. तिच्या नंबरात मध्ये दोन सात लागोपाठ आहेत. आमच्याकडे एकच सात होता.

सहा महिने दर सोमवारी मी हिला छापत होतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल. मी ती चिठ्ठी परत घडी घालून खिशात टाकली आणि ताईची नवीन नोंदणी केली, नव्या क्रमांकानं, जणू ती पहिल्यांदाच आली आहे. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. बाहेर आलो तर ती म्हणाली, "झालं एवढ्यात? वशिला हाय माह्या भावाचा."

मग नागपूर झालं. औषधं झाली, केस गेले, रंग गेला. एका दुपारी भाऊजी खाली गेले होते आणि मी तिला संत्रं सोलून देत होतो. ती म्हणाली, "एक विचारू काय?"

"विचार ना."

"तुले दिसलं होतं काय रे, त्या कंप्युटरमंधी? माह्यं?"

मी शिरा काढत राहिलो. संत्र्याला शिरा फार असतात. मग म्हणालो, "यादीत तुह्यं नाव नव्हतं, ताई."

हे मी खोटं बोललो नाही. तिचं नाव खरंच नव्हतं. आजवर इतकं हलकट खरं मी कधी बोललो नसेन.

"मंग बरं," ती म्हणाली. "माह्या मनात लय दिवस होतं. मले वाटे, तुले दिसलं असंन अन् लाजून बोलला नसशीन. मीबी लाजलीच ना. म्हणून तं दिवाळीत आडून विचारलं तुले. तू म्हणला, काही नाही आलं, आलं असतं तं पहिले तुलेच सांगतलं असतं. मी म्हटलं, सुटली बा. फोनही नाही, अन् भाऊही नाही म्हणते. आता काय भेव."

मी फोडी तिच्या हातावर ठेवल्या. ती एकेक फोड खात होती आणि मी पाटवडीच्या ताटाकडे पाहून तिनं विचारलेल्या त्या प्रश्नाशी बसून होतो. दोन घासांमध्ये मी तिला सांगून टाकलं होतं की तू ठीक आहेस. हसत सांगितलं होतं. तेव्हा कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही.

दसरा झाल्यावर ती गेली. भाऊबिजेला मी घरातच बसून राहिलो. आईनं मला ओवाळावं का ओवाळू नये हे तिला कळेना, शेवटी तिनं ताट तसंच उचलून ठेवलं.

यादी मात्र चालूच होती. दर सोमवारी एंटर मारला की राजूरची ती ओळ यायची. आता नाव रुंद केलं होतं, पूर्ण दिसायचं. शिबिराची जुनी नोंद मी तशीच सोडली होती ना, तिला हात लावायची माझी छाती होत नव्हती. माझी बहीण जळून राख झाली, आणि आमचा डेटाबेस दर सोमवारी सांगायचा, पुन्हा बोलवा. मी तो कागद छापायचो, टाचणी लावायचो आणि पाठवायचो. राजूरला आता नव्या आशाताई आल्या होत्या, त्या त्यावर काय करत असतील, देव जाणे.

वर्ष उलटलं तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो आणि म्हटलं, शिबिराच्या फॉर्मवर एक रकाना वाढवू, माहेरचं नाव. त्यांनी का विचारलं. मी म्हटलं, एकाच नावाच्या खूप बायका असतात, ओळखायला बरं पडेल. ते हो म्हणाले. नर्सबाईंनी पुढे सांगितलं की त्या प्रश्नाला बायका हसतात. कोणी लाजते, कोणी म्हणते, अगं बाई, किती दिवसांनी कोणी विचारलं. एक म्हातारी म्हणे रडायलाच लागली.

टेबलात नवा कॉलम घातला तेव्हा सगळ्या जुन्या ओळींत तो रिकामा होता. मी ताईची ओळ काढली आणि त्या रिकाम्या जागी फुलाचं नाव लिहिलं. मग पडद्याला विचारलं, माहेरचं नाव हे असलेली बाई दे. एक ओळ आली. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो. नंबर अजून नऊच आकडी होता. मला ते पाहवेना. मी त्यात गळलेला सात घातला. एवढं तरी नीट असू दे तिचं, असं वाटलं.

आणि इथं मी शेवटची चूक केली. बारा वर्षं तीच यंत्रणा चालवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. नंबर दहा आकडी झाला की ओळ माझ्या यादीतून निघते आणि फोनवाल्या बाईंच्या यादीत जाते. शेरा मी बदललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींचा फोन आला, ताईच्या नंबरावरून. फोनवर ताई असं नाव आलं आणि मी खुर्चीतून उठलो. ते तिचा नंबर बंद होऊ देत नाहीत, रिचार्ज मारतात, हे मला माहीत होतं, पण त्यावरून त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"तुह्या दवाखान्यातून बाईचा फोन आलता," ते म्हणाले. "म्हणे, शिबिराचा रिपोर्ट आला, पुन्हा बोलावलं हाय. हे कवाचं हाय रे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. वर्षभर मनात घोळवून गुळगुळीत केलेलं. तुम्ही ठेवलेल्या नावानं होती भाऊजी, म्हणून मला ओळखू आली नाही. ते माझ्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. मी सगळं सांगितलं. राजूरवर ठेवलेलं बोट, आशाताईंचा फोन, बारा अक्षरं, पाटवडीचा रस्सा, ती चिठ्ठी. म्हटलं, "मी वाचलं होतं, भाऊजी. ओळखलं नाही."

तिकडून ट्रकचा आवाज येत होता. मला वाटलं, शिव्या देतील, आणि त्या मला हव्याच होत्या.

"मलेबी येका घटकेत कळलं नाही," ते म्हणाले. "त्या बाईनं विचारलं, अमुक अमुक बोलतात काय. मी म्हटलं, राँग नंबर. फोन ठेवून देल्ला. मंग पाणी पेताना ध्यानात आलं, अरे, हे तं हिचंच नाव. मंग मीच परत लावला फोन." त्यांनी नाक ओढलं. "मी कवा त्या नावानं हाक मारली तिले? अवं म्हणो, पोरीची माय म्हणो. ते नाव मी ताटात लिहिलं, तेवढंच."

भाऊजी फोन धरून रडत होते आणि मी ऐकत होतो. समोर पडद्यावर रेघ लुकलुकत होती. त्या नदीच्या नावानं ताईला खरोखर हाक मारली ती एवढ्या वर्षांत एका माणसानं, आमच्या फोनवाल्या बाईंनी. आणि आम्ही म्हणालो, राँग नंबर.